सातनंतर नको

मांजरसुंब्याच्या फाट्यावर पुन्हा सीताफळं आली आहेत. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर हिरवे-करडे ढीग लागलेत, कडुलिंबाच्या डहाळीनं माश्या हाकत बायका बसल्यात आणि ढाब्यावर जेवून उठलेले ट्रकवाले एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघताहेत. दरवर्षीसारखी यंदाही मी गाडी थांबवली. एका बाईनं पिकलेलं फळ उकलून माझ्यापुढं धरलं. "खाऊन तर बगा ताई, निस्ती साखर हाय साखर!" मी मान हलवली आणि काच वर घेतली. सीताफळ मला आता खाववत नाही. घरात कुणी आणलंच तर मी ते बाहेर ओट्यावर ठेवायला सांगते.

लोकांना ऋतू पावसापाण्यावरून कळतो. मला तो दिवस आणि रात्र सारखी होऊ लागली की कळतो. बीडच्या एका महाविद्यालयात मी पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आणि माझा स्वतःचा विषय आहे अवकाशातलं हवामान. नाव ऐकलं की नातेवाईक विचारतात, मग यंदा पाऊस कसा? पावसाचा याच्याशी काही संबंध नाही. सूर्य फक्त ऊन देत नाही, तो विजेनं भारलेल्या कणांचा एक वाराही सतत सोडत असतो. आपल्या डोक्यावर खूप उंच हवेचा एक असाच भारलेला थर आहे. त्या थराला या वाऱ्याचे धक्के बसतात. शिवाय आपल्या पट्ट्यात त्याची स्वतःची एक खोड आहे. मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दिवसांत, सूर्य मावळून तासभर झाला की तो पिठल्यासारखा रटरटू लागतो. खालून बुडबुडे वर येतात. उपग्रहाकडून येणारे संदेश त्या बुडबुड्यांतून जाताना थरथरतात आणि जमिनीवर आपण नेमके कुठं उभे आहोत हे सांगणारी यंत्रं चुकायला लागतात. तुमच्या मोबाइलच्या नकाशावर ती चूक दिसतही नाही. गाडी चार हात इकडे काय नि तिकडे काय, रस्ता सापडतोच. पण या जिल्ह्यात चार हात म्हणजे काय असतं ते बांधावरच्या माणसाला विचारावं.

त्या संदेशांची थरथर टिपायला महाविद्यालयाच्या गच्चीवर आम्ही एक अँटेना बसवली होती. पांढरी, गोल, उपड्या पातेल्याएवढी. ती उभी केली रफिकभाईंनी. त्यांचं बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. लोकांचे टीव्ही बिघडायचे थांबले तसे ते काहीही दुरुस्त करू लागले, आणि माझ्या प्रयोगशाळेतलं सरकारी कपाटात कुजत पडलेलं जवळजवळ सगळं सामान त्यांनीच चालू केलं. अँटेना बसवताना म्हणाले होते, "मॅडम, इसमें पिक्चर कायकू नै दिखता? इत्ती मेहनत की, कम से कम बातम्या तो लगने देओ." मी म्हटलं, बातम्याच आहेत, फक्त सूर्याच्या. त्यांनी हात कपाळाला लावला. पहिल्याच दसऱ्याला कुणीतरी भक्तिभावानं त्या अँटेनाला झेंडूची जाड माळ घातली आणि फुलं वाळेपर्यंत माझे आलेख वेडेवाकडे येत राहिले. दोन दिवस मी ते सौर वादळ समजून कागदावर टिपणं काढत होते. रफिकभाईंनी माळ उचलून माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा हसून हसून आम्हा दोघांची पोटं दुखली. ते हसू आठवलं की मला त्या गच्चीचं तापलेलं डांबर, कबुतरांची विष्ठा आणि दूरवरून येणारा सोयाबीनच्या मळणीचा धुरळा, सगळं एकदम आठवतं.

आलेख काढून मी काय करत होते? निबंध लिहीत होते. ते बाहेरदेशी छापून येत, पाचपन्नास लोक वाचत, मला पगारवाढ मिळे. इतकं छान चाललेलं असताना त्यात सुदामराव आले.

सुदामराव जमिनीची मोजणी करणारे. पाठीवर पोतडी, हातात काठीवर बसवलेलं उपग्रहाचं यंत्र, उन्हानं करपलेलं तोंड. साखळी ओढून मोजायचे दिवस गेले. आता काठी बांधाच्या टोकाला उभी करायची, यंत्र जागा सांगतं, तिथं हद्दीचा दगड पुरायचा. ते मला भेटायला आले ते चिडून. "मॅडम, तुमी आभाळाचं शिकवता म्हने. मग मला सांगा, माझं यंत्र सकाळी शहान्यावानी वागतं अन् दिवस बुडला की यड्यावानी कावून करतं? लोक म्हनत्यात, मी पैशे खाल्ले." मी त्यांना पिठल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी खिडकीतून वर बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या डोळ्याला दिसत न्हाई, पन हाय." पंचवीस वर्षांत माझा विषय इतक्या लवकर कुणाला कळला नव्हता.

मी म्हटलं, दिवस बुडल्यावर मोजूच नका ना. यावर त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही शोधनिबंधात सापडणार नाही. आमच्याकडे पितृपक्षात कुणी हद्दीचा दगड पुरत नाही. कायद्यात पितृपक्ष नाही, पण बांधावर आहे. त्या पंधरा दिवसांत अर्ज पडून राहतात, मोजणीची तारीख दिली तरी माणसं दारं लावून घेतात, आणि घट बसले की सगळा तालुका एकदम दारात उभा राहतो. साहेब यादी देतात, पोलिसांचा बंदोबस्त दुपारी येतो, भावकीची भांडणं ऐकण्यात तीन-चार वाजतात. मग ट्रॅक्टरचे दिवे लावून मोजणी. आणि वर्षातले नेमके हेच दिवस, जेव्हा माझं आभाळ सर्वांत जास्त बिघडलेलं. देवानं आणि सूर्यानं मिळून सुदामरावांच्या नोकरीवर घातलेला हा घाला होता, असं तेव्हा मी थट्टेनं म्हणाले होते.

मग आमचा एक हंगाम सुरू झाला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला हंगाम तोच. रोज दुपारी मी सकाळपासूनचे आलेख बघायची, सूर्याकडच्या वाऱ्याची बाहेरून येणारी माहिती बघायची, आणि चार वाजता ठरवायची. संध्याकाळ बिघडणार असं वाटलं तर सुदामरावांना फोन. "आज सातनंतर नको." बस्स, एवढंच वाक्य. ते पलीकडून म्हणायचे, "बरं मॅडम," आणि मागं कुणीतरी भांडत असायचं, बैल हंबरत असायचा. बिघडणार नसेल तर फोन नाही. आमचा करार तसाच होता. उगाच दोघांचा वेळ नको. कधी मी तोंडावरही पडले. नको म्हटलं आणि आभाळ रात्रभर आरशासारखं. दुसऱ्या दिवशी ते म्हणायचे, "मॅडम, काल आमी उगंच घरी गेलतो की लवकर. बायको म्हनली, बरं वाटत न्हाई का?" पण बहुतेक वेळा खरं ठरायचं. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत त्यांनी पुरलेला एकही दगड परत उखडावा लागला नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी माझ्या दारात सीताफळांची पाटी आणून ठेवली. पाटोद्याकडची, मोठ्या डोळ्यांची, गवतात पिकवलेली. घरभर वास. मी मैत्रिणींना फोन करकरून वाटली.

आता पुढचं लिहिताना माझा आवाज चढतो. चढू दे.

सूर्याकडे बघायला पैसे मिळतात. त्याच्यावर यानं पाठवायला मिळतात, आणि मिळावेतच, मी त्यांच्याच माहितीवर जगते. निबंध लिहायला मिळतात. पण जे कळलं ते गच्चीवरून बांधावर नेऊन पोचवायचं म्हटलं की देणाऱ्याचा हात आखडतो. कारण ते काम कंटाळवाणं आहे. त्यात शोध नाही. रोज चार वाजता कुणीतरी बसलं पाहिजे, रविवारीही, घरात लग्न असलं तरीही. वीज गेली तर बॅटरी हवी. अंदाज चुकला तर का चुकला ते लिहून ठेवायला हवं. एका माणसाच्या मोबाइलवरचं वाक्य साऱ्या जिल्ह्याच्या मोजणीदारांच्या यंत्रावर आपोआप उमटायला हवं. यातलं काहीही छापून येत नाही. तरी मी अर्ज केला. विज्ञानाचं रूपांतर वापरायच्या साधनात करणाऱ्यांसाठीच तो निधी होता, तसं त्याच्या नावातच लिहिलं होतं. रफिकभाईंनी गच्चीचे फोटो काढून दिले. सुदामरावांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहून दिलं. पण नियमात वापरणाऱ्या कार्यालयाची सही हवी होती, आणि त्यांच्या साहेबांनी सही केली नाही. यंत्र चुकतं असं आपणच लिहून दिलं तर आजवरच्या सगळ्या मोजण्या लोक उघडायला लावतील, असं ते म्हणाले. खोटं नव्हतं ते.

समितीपुढं माझी मुलाखत पडद्यावर झाली. पाच चौकोनांत पाच चेहरे, त्यातला एक जेवत होता. एकानं अगदी सौजन्यानं विचारलं, तुमच्या जिल्ह्यात विमानतळ आहे का? नाही. मोठा वीजवाहिनीचा प्रकल्प? तसा नाही. जहाजं तर प्रश्नच नाही. मग याचा वापर कोण करणार? मी म्हटलं, हद्दीचा दगड पुरणारा माणूस. कुणीतरी हसलं. वाईट मनानं नाही, दमलेल्या माणसाला हसू येतं तसं. महिन्याभरानं पत्र आलं. विज्ञान चांगलं आहे, पण वापरणारा सिद्ध होत नाही, असा त्याचा अर्थ. पाठोपाठ प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, मान्यता नसलेले अंदाज महाविद्यालयातून बाहेर द्यायचे नाहीत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी सुदामरावांना सांगितलं, निधी मिळाला नाही. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. तुमी हाईत की." फोन बंद होतील असं काही मी त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला बरेच दिवस स्वतःशीही बोलवत नव्हतं.

मग मागच्या वर्षीचे घट बसले. यंत्र गच्चीवर चालूच होतं, कुणी बंद करायला आलं नव्हतं. तिसऱ्या माळेच्या दुपारी मी आलेख उघडला. इतका स्पष्ट आलेख मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही वाचता आला असता. संध्याकाळ बिघडणार होती, आणि जोरात. मी मोबाइल उचलला. सुदामरावांचं नाव समोर आलं. खाली पटांगणात गरब्यासाठी स्पीकर तपासत होते, हॅलो हॅलो चालू होतं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि चहा मागवला. प्राचार्यांचा हुकूम आठवला म्हणून नव्हे. हुकूम मी आयुष्यभर मोडत आले आहे. मला राग आला होता. त्यांच्या साहेबाला माझी गरज नाही, समितीला नाही, कुणालाच नाही, तर मी एकटीनं कशाला जीव आटवायचा? कळू दे एकदा, असं माझ्या मनात आलं. हे शब्द खरोखर आले होते. चहात आलं जास्त झालं होतं, तेही लक्षात आहे.

पाटोद्याच्या पुढं एका गावात त्या दिवशी चुलत्या-पुतण्याची मोजणी होती. बंदोबस्त उशिरा आला. सुदामरावांनी फोन बघितला, माझा फोन आलेला नव्हता, म्हणजे आभाळ साफ. ट्रॅक्टरचे दिवे लावून त्यांनी काठी उभी केली आणि सव्वासातच्या सुमाराला दगड पुरला. दीड हात चुकून. बांधावर सीताफळांची एक ओळ होती, ती त्या दीड हातात पुतण्याकडे गेली. झाडं ज्ञानोबांनी लावलेली. ज्ञानोबा म्हणजे चुलते, साठी उलटलेला माणूस. फळं तोडणीला आलेली. सकाळी पुतण्याची माणसं क्रेट घेऊन आली आणि ज्ञानोबा झाडांसमोर हात पसरून उभे राहिले. ढकलाढकलीत ते मागं पडले, नव्यानं पुरलेल्या दगडावरच. बीडला आणेपर्यंत गेले होते.

मला हे दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. आतल्या पानावर, बांधाच्या वादातून अशा मथळ्याखाली, अशा बातम्या आमच्याकडे जिथं येतात तिथं. गावाचं नाव वाचलं, मोजणीचा उल्लेख वाचला, आणि त्या दिवशी मी वर्गात गेले नाही. रफिकभाईंना गच्चीवर बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी माझी समजूत काढली नाही. अँटेनाच्या खांबाला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "मॅडम, मशीन तो बोली थी ना. अपन चुप रहे." अपन म्हणाले ते, पण त्यांचा त्यात काही वाटा नव्हता.

फेरमोजणी झाली. झाडं ज्ञानोबांचीच निघाली. पुतण्या तुरुंगात, सुदामराव निलंबित. गावात बोललं जाऊ लागलं की पुतण्याकडून पाकीट घेतलं म्हणून रेषा सरकली. सुदामराव एकदा माझ्याकडे आले, खुर्चीत बसले नाहीत. "मॅडम, त्या दिशीचं काई हाय का तुमच्याकडं? माझी पोरगी शाळेत जायना झाली. पोरं बापाचं नाव घेत्यात." मी म्हटलं, आहे, मी चौकशीत येऊन देते. त्यांनी हात जोडले. त्यांना दुसरा प्रश्न सुचलाच नाही. चार वाजता मला दिसलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. या सुटल्यासारखं वाटण्याची मला अजून किळस येते.

चौकशीला वर्ष लागलं. ती झाली या आठवड्यात, सोमवारी. मी तो आलेख कागदावर काढून नेला. संध्याकाळी सातच्या पुढं सगळ्या रेषा विस्कटलेल्या, लहान पोरानं पाटीवर रेघोट्या ओढाव्यात तशा. अधिकाऱ्यांनी तो नीट पाहिला. माणूस सरळ होता. गच्चीवरच्या यंत्राला मान्यता आहे का विचारलं, मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "हे आधी कळू शकतं का, मॅडम?" सुदामराव कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. मी म्हणाले, "त्यावर संशोधन चालू आहे."

पंचवीस वर्षांत मी हे वाक्य कितीदा लिहिलं असेल. इतकं स्वच्छ खोटं त्याच्यात बसतं हे मला ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि वर पाठवण्यासाठी प्रतीवर सही करून द्या, म्हणून कागद माझ्याकडे परत दिला. सही करायला मी बाहेर व्हरांड्यात आले, कारण आत सुदामरावांसमोर ती मला करवेना.

व्हरांड्यात आसराबाई बसल्या होत्या. ज्ञानोबांच्या बायको. साक्षीला बोलावलेल्या. मी त्यांना कधी भेटले नव्हते, पण कुणीतरी सांगितलं होतं की आज त्या येणार आहेत. कपाळ मोकळं, हातात पाण्याची बाटली. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"बाई, काय ल्हिलंय त्याच्यात? मला वाचता येत न्हाई."

मी सांगितलं. त्या संध्याकाळी वरचं आभाळ बिघडलं होतं. त्यामुळं यंत्र चुकलं. सुदामरावांनी पैसे खाल्ले नव्हते.

"मंग कुनाचीच चूक न्हाई म्हना की," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. हिशेब लागत नाही म्हणून पुन्हा विचारावं, तसं म्हणाल्या. आणि मग, "आदी कळलं नस्तं का कुनाला?"

तोच प्रश्न. पण इथं मला ते वाक्य म्हणता येईना.

"कळलं होतं," मी म्हणाले. "मला. दुपारी चार वाजता. मी फोन केला असता तर मोजणी थांबली असती. मी केला नाही."

 मला वाटलं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कावून?"

"मी रुसले होते, मावशी."

"आमच्यावर?"

"नाही. तुम्हाला तर मी ओळखतही नव्हते."

व्हरांड्यातून कुणीतरी फायली घेऊन गेलं. आसराबाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं, पाणी प्यायल्या नाहीत. मग बोट उचलून त्यांनी कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

"हेबी ल्हा हितं. माझ्याम्होरं ल्हा."

मी कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं. वेळ लिहिली, मला काय दिसलं ते लिहिलं, मोबाइल पालथा ठेवला ते लिहिलं, हे आधी कळू शकतं असं लिहिलं, आणि खाली सही केली. चारच ओळी झाल्या. "वाचून दावा," त्या म्हणाल्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत मान खाली घालून ऐकलं, पदर सारखा केला आणि दाराकडे हात केला.

"आता न्या आत."